घाटातली गाडी आणि घरची वडीलधारी

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की मुलांचा लकडा सुरू होतो, "कुठेतरी डोंगरात जाऊ या!" आम्ही पोंभुर्ण्याकडच्या बायका धानाच्या बांध्यांतल्या. चढण कशाला म्हणतात ते आम्हाला माणिकगडच्या डोंगरातच कळते. बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर करीत जिवतीकडे निघालात की सपाटी मागे पडते, सागाचे जंगल सुरू होते आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. वर माणिकगडचा जुना किल्ला आहे. पावसाळा सरल्यावर हा डोंगर हिरवागार दिसतो.

आधी थोडे कामाचे बोलू. घाटात गाडी लागते ती पोटामुळे नव्हे. कानातला तोल सांभाळणारा भाग आणि डोळे मेंदूला वेगवेगळे निरोप देतात, म्हणून मळमळते. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवा, लांबच्या रस्त्याकडे पाहायला सांगा, मोबाइल हातात देऊ नका. निघताना पोट अगदी रिकामे नको, तसे तळलेल्या पुऱ्यांनी भरलेलेही नको. आलेपाक, लिंबू आणि दोन-चार कागदी पिशव्या हाताशी असू द्या. स्टिअरिंगवर तुम्ही असाल किंवा घरचे कोणी, उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. खालच्या गिअरमध्येच उतरवा, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, बरं का!

आता दुसरी गोष्ट. तिच्यावर गोळी नाही.

मागे शेजारच्या घरच्यांबरोबर मी जिवतीला गेले होते. आजी मागे खिडकीशी बसल्या होत्या. मुले गाणी म्हणत होती, मुलाला ऊन चढायच्या आत वर पोचायचे होते. एका वळणावर आजी एकदम गप्प झाल्या. मला वाटले, गाडी लागली. पाणी पुढे केले तर म्हणाल्या, "मला काही होत नाही बाई. हितं आमचं जातं टाकलं होतं."

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे या डोंगरात आली. आजींचे बिऱ्हाड त्यांतलेच. बैल थकले, चढण संपेना. बैलगाडी हलकी करायची म्हणून माहेरचे जाते झाडाखाली ठेवले. चार दिवसांनी मालक परत गेले तर ते तिथे नव्हते. गाडी चालवणाऱ्या मुलाने पन्नाशी ओलांडली, पण हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. तोवर वळण मागे गेले होते. "आधी का नाही सांगितलंस, आई?" तो म्हणाला. आजी म्हणाल्या, "इचारलं कुणी?"

येताना त्याने वळणाच्या पुढे, मोकळी जागा पाहून गाडी उभी केली. झाड आजींना ओळखता आले नाही. त्या मात्र अर्धा तास बोलत राहिल्या. डोंगरात आधीपासून राहणाऱ्या कोलाम बायकांनी पहिल्या पावसाळ्यात कुठल्या रानभाज्या दाखवल्या, तेही सांगितले. नातवंडे वेफर्स विसरून ऐकत होती.

तसा महाराष्ट्रातल्या कितीतरी रस्त्यांचा बायकांशी जुना संबंध आहे. त्याच दुष्काळात लाखो बायाबापड्यांनी सुकडी खाऊन, खडी फोडून रस्ते केले. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आपण ज्या रस्त्याने मजेत जातो, त्यावर आपल्याच सासूने किंवा आईने घमेले वाहिले असेल.

म्हणून पुढच्या सहलीत एवढे करा. आजी-आजोबांना खिडकीची जागा द्या. जेवणाच्या वेळापत्रकात तासभर जास्तीचा धरा. वाटेत कोणी गप्प झाले तर आधी मळमळते का विचारा, मग काय आठवले ते विचारा. गाडी थांबवायचीच तर वळणावर नको, मागच्या-पुढच्यांना दिसेल अशा जागी. दरीचे फोटो तर आपण सगळ्याच काढतो. मोबाइलवर त्यांचा आवाजही टिपून ठेवा. दरी पुढच्या वर्षीही तिथेच असेल. सांगणारे माणूस असेलच असे नाही.