हिंगोलीच्या हळदीला वाघीण हवी

परभणी ते छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटर लोहमार्गाच्या दुहेरीकरणास २०२५ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. मराठवाड्याच्या जुन्या मागणीला मिळालेला हा प्रतिसाद स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु रुळांची एक जोडी वाढली म्हणजे आपला माल त्यांवरून आपोआप धावू लागेल, अशा समजुतीने कोणी स्वस्थ बसणार असेल, तर त्याने एकवार हिंगोली जिल्ह्याकडे पाहावे.

पूर्णेहून हिंगोलीस लोहमार्ग आला तो १९१२ साली, निजामाच्या राजवटीत. हिंगोली त्या काळी कापसाची मोठी पेठ होती. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग अकोल्यावरून खांडव्यापर्यंत पोहोचला आणि २००८ साली पूर्णा ते अकोला हा टप्पा ब्रॉडगेज झाला. म्हणजे शतकाहून अधिक काळ आगगाडी या जिल्ह्याच्या दाराशी उभी आहे. तरीही येथील हळद आणि सोयाबीन आज मुख्यतः ट्रकनेच बाहेर पडते. रूळ आणि शेत यांच्यामधला दुवा अद्याप कोणी घातलेला नाही, हे या दुर्दैवाचे खरे कारण होय.

हा प्रश्न केवळ वाहतुकीचा नाही. तो शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या भावाचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात हळदीच्या राशी लागतात. शेतकरी ती खणतो, शिजवितो, वाळवितो, पॉलिश करून बाजारात आणतो. व्यापारी दूरच्या पेठेतील भाव पाहतो, त्यातून भाडे वजा करतो आणि उरेल त्या हिशेबाने बोली लावतो. भाड्याची पावती शेतकऱ्याच्या नावाने फाटत नाही. परंतु ते भाडे भरतो मात्र तोच!

मग माल रेल्वेकडे का जात नाही? उत्तर साध्या अंकगणितात आहे. रेल्वे आपली वाहतूक गाडीच्या मापाने विकते आणि शेतकरी आपला माल क्विंटलच्या मापाने. सुमारे चाळीस बंद वाघिणींची एक पूर्ण मालगाडी भरावयाची, तर अडीच हजार टन, म्हणजे पंचवीस हजार क्विंटल माल एका ठिकाणी, एका वेळी हवा. प्रत्येकी पन्नास क्विंटल हळद पिकविणारे पाचशे शेतकरी एकत्र आले, तर अशी एक गाडी भरेल. हे पाचशे जण आपण होऊन एका दिवशी मालधक्क्यावर जमणार नाहीत. ट्रक मात्र दहा टनांसाठीही बांधावर येऊन उभा राहतो. १९५०-५१ साली देशाच्या मालवाहतुकीत ऐंशी टक्क्यांहून अधिक असलेला रेल्वेचा वाटा आज तीस टक्क्यांच्याही खाली आला आहे, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

ही अडचण दुस्तर नाही, याचा पुरावा रेल्वेनेच दिला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. किमान वजनाची अट तीत नव्हती, मधल्या स्थानकांवर माल चढविता-उतरविता येई, आणि फळे-भाज्यांना भाड्यात निम्मी सवलत होती. नांदेड विभागातील नगरसोलचा कांदा १,५०० किलोमीटरहूनही दूर गुवाहाटीपर्यंत गेला. पुढे २०२२ साली सवलत थांबली आणि गाड्याही थांबल्या. सवलतीच्या कुबडीवर उभी केलेली व्यवस्था कुबडी काढताच कोसळते, हा यातील पहिला धडा. लहान माल एकत्र करण्याची सोय झाली तर तो येतो, हा दुसरा. आम्हांस दुसरा अधिक मोलाचा वाटतो.

यावर रेल्वेचे अधिकारी म्हणतील, एका जिल्ह्याचा माल तो किती? त्यात तथ्य आहे. सांगलीसारख्या जवळच्या पेठेला ट्रकच सोयीचा, हेही आम्ही मान्य करतो. परंतु दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी अथवा बंदरे यांच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. सुमारे वीस वाघिणींची छोटी मालगाडी रेल्वेच्या नियमांत बसते. दोन स्थानकांवर मिळून एक गाडी भरण्याचीही तरतूद आहे. वसमत परिसराची साखर, हिंगोलीची हळद आणि वाशीमचे सोयाबीन यांचा हिशेब एकत्र मांडावा. खरिपाचे खत घेऊन येणाऱ्या वाघिणी परत जाताना रिकाम्या का जाव्यात, याचाही विचार व्हावा.

यासाठी आमची मागणी मोजकी आहे. राज्य वखार महामंडळाने हिंगोली व वसमत येथे रुळांलगत पुरेशी बंद गोदामे उभारावीत आणि तेथील पावतीवर शेतकऱ्यास तारण कर्ज मिळावे, म्हणजे गाडी भरेपर्यंत थांबण्याचे बळ त्यास येईल. बाजार समित्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी माल गोळा करण्याची हमी घ्यावी. रेल्वेच्या नांदेड विभागाने हंगामापूर्वीच गाड्यांच्या तारखा जाहीर कराव्यात आणि त्या पाळाव्यात. तारीख चुकली, तर शेतकरी पुन्हा ट्रककडे जाईल, आणि त्यास दोष देता येणार नाही.

राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय २०२५ साली निजामाबादेत सुरू झाले. त्याबद्दल हळहळण्यात वेळ घालविण्यापेक्षा आपल्या घरची व्यवस्था लावणे शहाणपणाचे ठरेल. मानांकनाने हळदीला नाव मिळाले; दाम मिळावयाचा, तर ती कमी खर्चात दूरच्या पेठेत पोहोचली पाहिजे. पुढल्या हंगामाची हळद यार्डात येण्यापूर्वी बाजार समिती, वखार महामंडळ आणि रेल्वे यांची एक बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी. लोकप्रतिनिधींनी तीत केवळ निवेदने देऊ नयेत. पहिल्या गाडीची तारीख ठरवूनच उठावे.