सोसत नाही, मामा!

गेल्या दिवाळीत माळशिरसला भाचीकडे गेलो होतो. तिचा सहा वर्षांचा चिरंजीव नवा सदरा अंगात घालीना. उटणे लावताच किंचाळे. फटाका वाजला की कॉटखाली दडे. “लाडावलेलं कार्टं!” म्हणून मी हात उगारला. भाची म्हणाली, “हट्ट नाही मामा, त्याला सोसत नाही.”

ती त्याला पुण्यास ऑक्युपेशनल थेरपीसाठी नेते. तेथे झोपाळा, दोरी, कणकेचा गोळा हीच औषधे! स्पर्श, आवाज, तोल यांचा मेंदूत होणारा गोंधळ खेळाखेळातून हळूहळू आवरायचा, आणि शर्टाची बुंदे लावण्यासारखी रोजची कामे शिकवायची. आपल्याकडे या विद्येचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केले. बाई जन्माने अमेरिकन, सून मराठी घरची. माळशिरसहून पालखीच्या वाटेने उलटे गेले, तर फलटणला त्यांच्या नावाची शाळाही आहे.

परवा भाचीचा फोन आला. स्वारीने चकलीचे पीठ मळले म्हणे! फटाक्यांना मात्र तो अजून भितो. यंदा मी सदरा नेणार आहे, पण चार वेळा धुऊन मऊ केलेला. उगारलेल्या हाताचे तेवढेच प्रायश्चित्त!