आधी नस मोकळी, मग मूठ घट्ट

चहाचा कप दोनदा हातातून निसटला, तेव्हा आमच्या भाचीने ठरवलं की हात कमजोर झालाय. लगेच स्प्रिंगचा ग्रिपर मागवला. टीव्ही बघताना शंभर-शंभर वेळा दाबायची. आठवडाभरात बोटांच्या मुंग्या वाढल्या आणि रात्री हात झटकत उठायची वेळ आली.

मनगटात तळहाताच्या बाजूला कार्पल टनेल नावाचा अरुंद बोगदा असतो. बोटं नि अंगठा वाकवणाऱ्या 9 दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि मीडियन नस त्यातूनच जातात. मनगट वाकवून मूठ जोरात आवळली की आतला दाब वाढतो आणि नस चेपते. अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत मुंग्या येतात त्या यामुळे. करंगळीला येत असतील तर ती नस वेगळी, तिथे हा व्यायाम नाही.

डॉक्टरांनी तपासल्यावर फिजिओथेरपिस्टने तिला क्रमच बदलून दिला. आधी नस सरकवायची. मनगट सरळ ठेवून सैल मूठ, मग बोटं सरळ, मग मनगट हळूच मागे, शेवटी अंगठा बाजूला. आल्या वाटेने परत. असं 5 वेळा. नेफ्यातली नाडी पुढेमागे सरकवतो ना, तसं. रबरासारखं ताणायचं नाही. मुंग्या वाढल्या की तिथेच थांबायचं. ‘दुखलं म्हणजे लागू पडलं’ हे जिममधलं शहाणपण इथे अंगाशी येतं.

मुंग्या बऱ्याच शमल्यावर पकडीचा व्यायाम सुरू झाला, तोही नस सरकवून झाल्यानंतर. मऊ स्पंजचा चेंडू, मनगट सरळ, निम्म्या जोराने 5 सेकंद दाबून पूर्ण सोडायचा. 8-10 वेळा, एक दिवसाआड. नंतर बोटांभोवती रबर बँड लावून ती उघडायची. मोबाइल आणि स्कूटरचा ब्रेक यांत मूठ दिवसभर मिटतेच की! ज्या दिवशी मुंग्या रेंगाळतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी चेंडूला सुट्टी.

अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, बटण लावता येईना किंवा बोटं सतत बधिर राहिली, तर घरी प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणातही हा त्रास होतो, तेव्हा तेही त्यांना सांगा.

भाची आता मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपते. झोप सलग लागते. ग्रिपर कपाटात आहे; कधी बाहेर काढायचा, ते अजून तिला सांगितलेलं नाही.