पिस्तूल वैमानिकाचे, कर्तव्य शासनाचे

विमानाचे नियंत्रण ज्याच्या हाती, त्याच्या कमरेला पिस्तूल असावे काय, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेने २००२ साली होकारार्थी लावला आणि तो आजतागायत कायम आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी एकोणीस अतिरेक्यांनी चार प्रवासी विमाने बळकावून सुमारे तीन हजार निरपराध जीवांचा बळी घेतला, तेव्हापासून तेथील वैमानिकांच्या संघटनांनी शस्त्राची मागणी लावून धरली होती. वाहतूक सुरक्षा यंत्रणेचे तत्कालीन प्रमुख जॉन मॅगॉ यांनी मे २००२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे ती नाकारली. परंतु जुलैत प्रतिनिधिगृहाने ३१० विरुद्ध ११३, आणि सप्टेंबरात सिनेटने ८७ विरुद्ध ६ अशा मतांनी तिच्या पारड्यात वजन टाकले. नोव्हेंबरात कायदा झाला. स्वेच्छेने पुढे येऊन प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकांची पहिली तुकडी एप्रिल २००३ मध्ये सशस्त्र झाली.

या मागणीची थट्टा करणे सोपे आहे. पण तिच्यामागील युक्तिवाद पोकळ नव्हता. अतिरेक्यांच्या ताब्यात गेलेले प्रवासी विमान पाडण्याचा अधिकार लढाऊ वैमानिकास असावा, आणि ते विमान वाचविण्यासाठी त्याच विमानाच्या चालकास मात्र साधे पिस्तूलही नसावे, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी. इतर सर्व तटबंद्या ढासळल्यावरचा अखेरचा उपाय म्हणून आम्ही या व्यवस्थेकडे पाहू शकतो. आमचा आक्षेप निराळाच आहे. अखेरच्या उपायाचा गाजावाजा झाला, की पहिल्या उपायांचा हिशेब कोणी मागत नाही.

तो हिशेब मांडून पाहावा. २००१ च्या त्या दिवसापर्यंत अमेरिकेत प्रवाशांच्या तपासणीचे काम विमान कंपन्यांकडे होते आणि त्या ते खासगी कंत्राटदारांकडून करवून घेत. चार इंचांपेक्षा आखूड पात्याचा चाकू विमानात नेण्यास सरकारी नियमच मुभा देत होता. अपहरणकर्त्यांशी सहकार्य करावे, अशीच शिकवण कर्मचाऱ्यांना दिलेली होती. वैमानिककक्षाचे दार धक्क्यालाही दाद देईल इतके तकलादू होते. यांपैकी एकही दोष वैमानिकाचा नव्हता. तपासणीचे काम शासनाने नोव्हेंबर २००१ च्या कायद्याने आपल्याकडे घेतले आणि दारेही पुढे भक्कम झाली, हे योग्यच झाले. परंतु दार उघडण्याच्या क्षणी आड येणारा दुसरा अडसर नव्या विमानांना सक्तीचा करणारा अंतिम नियम निघण्यास २०२३ साल उजाडावे लागले! पिस्तुलाचा कायदा चौदा महिन्यांत होतो आणि अडसराच्या नियमास एकवीस वर्षांहून अधिक काळ लागतो, याचा अर्थ वाचकांनीच लावावा. पिस्तूल वैमानिक वागवितो. अडसराचा खर्च मात्र कंपन्यांना सोसावा लागतो.

शिवाय शस्त्र आपले उपद्रवही बरोबर घेऊन येते. मार्च २००८ मध्ये शार्लटकडे निघालेल्या एका विमानात वैमानिकाच्या पिस्तुलातून अनवधानाने गोळी सुटली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. मार्च २०१५ मध्ये तर एका जर्मन विमानाच्या सहवैमानिकाने कप्तानास बाहेर ठेवून दार आतून बंद केले आणि विमान आल्प्सच्या कड्यावर आदळविले. दीडशे माणसे प्राणास मुकली. कुंपणच शेत खाऊ लागले, तर कुंपणाच्या हाती शस्त्र देऊन काय साधणार?

मुंबईकरांना या प्रश्नाची आठवण करून देण्याची आवश्यकता नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी येथून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत बळकावण्यात आले, ते सुरक्षारक्षकांचा वेष धारण करून थेट धावपट्टीच्या परिसरात मोटार आणणाऱ्या अतिरेक्यांकडून. कक्षातील वैमानिक वरच्या झडपेतून निसटले, त्यामुळे ते विमान उडू शकले नाही. नीरजा भनोत यांच्यासह किमान वीस जणांचे प्राण मात्र गेले. त्या दिवशी उणीव वैमानिकाच्या पिस्तुलाची नव्हती, फाटकावरच्या चोख पहाऱ्याची होती.

कंदाहार प्रकरणानंतर, २००० सालापासून, आपल्याकडे विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला. प्रवासी त्यासाठी तिकिटागणिक सुरक्षा शुल्क मोजतो. नागरिकाने शस्त्र धारण करण्याचा अधिकार शासनाच्या हाती दिला, तो शासन त्याचे रक्षण करील या विश्वासाने. ते शस्त्र शासनाने वैमानिकाच्या हाती देऊ केले, तरी तो विश्वास राखण्याचे कर्तव्य त्याबरोबर हस्तांतरित होत नाही. वैमानिकाने विमान चालवावे, आणि अतिरेकी त्याच्या दारापर्यंत पोहोचणारच नाही, याची हमी शासनाने द्यावी.