रूटचा शेल बदलू नका

सर्व्हर हाती आला की अनेक नवे ॲडमिन पहिल्याच दिवशी रूटचा शेल बदलून टाकतात. टॅब दाबताच फाइलचे नाव पूर्ण व्हावे, वरचा बाण दाबताच मागची कमांड यावी, प्रॉम्प्ट रंगीत असावा. या सोयी कोणाला नकोत? पण त्या रूटच्या खात्यात मागणे चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या जुन्या कचेरीतला मेल सर्व्हर फ्रीबीएसडीवर चाले. तिथे बॅश मूळ प्रणालीत येत नाही, पॅकेज म्हणून वेगळा बसवावा लागतो. एका सहकाऱ्याने तोच रूटला दिला होता. एकदा पॅकेजे अपडेट करताना बॅशला लागणारी लायब्ररी जागेवरून गेली. रात्री अकरा वाजता कन्सोलवर पासवर्ड टाकावा, तर यंत्र पुन्हा लॉगिनच विचारी. पासवर्ड बरोबर होता. शेल सुरूच होत नव्हता. अखेर यंत्र सिंगल यूजर मोडमध्ये उठवले. तिथे कोणता शेल हवा ते विचारले जाते, आणि नुसते एंटर दाबले की मूळ प्रणालीतला साधा 'एसएच' मिळतो. त्यानेच त्या रात्री वाचवले.

खरे तर फ्रीबीएसडीने याची सोय आधीच करून ठेवली आहे. रूटची इंग्रजी अक्षरे उलटी लावून 'टूर' नावाचे दुसरे खाते तिथे असते. कर्नल नाव पाहत नाही, यूजर आयडी पाहतो. तो शून्य असला की सर्वाधिकार मिळतात. हौसेचा शेल टूरला द्यावा, रूट आहे तसा राहू द्यावा.

आणि रोजच्या कामाला तर यांतले एकही खाते नको. रूटचा पासवर्ड पाच जणांना ठाऊक असला, की फाइल कोणी उडवली याचे उत्तर लॉगमध्ये 'रूट' एवढेच मिळते. मग निर्दोष माणसावरही संशय येतो. १९८०च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात लिहिलेला 'सुडो' यावरचा उत्तम उपाय आहे: प्रत्येकाचे आपले खाते, आपला आवडता शेल, आणि कोणी कोणती कमांड कधी चालवली याची नोंद. उबुंटूने २००४च्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचा पासवर्ड बंदच ठेवला आहे. मात्र सकाळी सुडोने रूटचा शेल उघडून दिवसभर त्यातच बसले, तर लॉगमध्ये फक्त तो शेल उघडल्याची नोंद राहते. आतले काहीच कळत नाही. ही सवय मोडलीच पाहिजे.

आपल्या सर्व्हरवरची पासवर्ड फाइल आज उघडा. रूटच्या ओळीतला शेवटचा रकाना शेलचा असतो. तिथे पॅकेजमधून आलेल्या शेलचा पत्ता दिसला, तर तो आजच पूर्ववत करा.