आखणी मोरीपासून करा

पुणे-नाशिकच्या, सांगली-कोल्हापूरच्या जुन्या कॉलन्यांमधले १९८०-९०च्या दशकातले दुमजली बंगले आतून पाहिले, तर अनेकांची मांडणी सारखीच आढळते. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली कसाबसा बसवलेला संडास. झोपायच्या खोल्या आणि ऐसपैस बाथरूम वर. घर बांधले तेव्हा मालक चाळिशीत होता. आज तो पंच्याहत्तरीत आहे, गुडघे दुखतात, आणि रात्री-अपरात्री जिना उतरायची वेळ आली की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो.

२०११च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या माणसांची संख्या दहा कोटींवर गेली होती आणि महाराष्ट्रातले त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. तरीही तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम, हा विषय घरात निघतो तो बहुधा कुणी तरी पडल्यावर. खुब्याचे हाड मोडलेले, डिस्चार्ज तोंडावर आलेला. मग ओळखीचा ठेकेदार बाजूच्या मोकळ्या जागेत दोन भिंती उभ्या करतो, वर पत्रे टाकतो आणि खोली झाली म्हणून सांगतो.

ही घाई महागात पडते. खोली वाढवायचीच असेल, तर माणसे धडधाकट असताना वाढवावी आणि आखणीची सुरुवात मोरीपासून करावी.

पलंग हवा तिथे सरकवता येतो, सांडपाण्याचे तसे नसते. संडासाच्या चार इंची पाइपला साधारण चाळीस ते साठ फुटांमागे एक फूट उतार लागतो. नवा संडास चेंबरपासून तीस फुटांवर असेल, तर पाइप सहा ते नऊ इंच खाली उतरला पाहिजे. जुना चेंबर तेवढा खोल नसेल, तर एक तर पाणी तुंबते किंवा बाथरूमचा तळ उचलून दाराशी पायरी करावी लागते. म्हणजे जी पायरी टाळायला हा खर्च केला, तीच पुन्हा पायात येते. वास्तुशास्त्रासाठी संडास प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

दुसरा प्रश्न मापाचा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकत्र संडास-बाथरूमसाठी किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट जागा सांगितली आहे. एकट्या, हिंडत्या-फिरत्या माणसाला ती पुरते. पण आजारी माणसाला आंघोळ घालायला आणखी एक माणूस आत असतो. व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट. सव्वादोन फुटी दारातून वॉकर धड आत जात नाही.

दार आत उघडणारे असेल आणि माणूस दारामागेच कोसळला, तर त्याच्याच अंगाने दार अडते. बाहेरच्यांनी ढकलावे तर त्यालाच लागते. म्हणून दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे आणि कडी बाहेरूनही काढता यावी. आधाराचे दांडे कुठे येणार, हे टाइल्स लावण्याआधीच ठरवावे, कारण पोकळ ब्लॉकच्या भिंतीत नंतर मारलेले साधे स्क्रू माणसाचे वजन पेलत नाहीत. गॅस गिझर आत नकोच. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि जीव जातो.

जोते दीड फूट असेल, तर एकास बारा या प्रमाणात रॅम्प अठरा फूट लांब होतो. तेवढी जागा अंगणात कुठे आहे, हेही आधीच पाहावे. काळ्या मातीवरच्या घरांना आणखी एक धोका असतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नवी भिंत जुनीला तशीच जोडली, तर सांध्यावर तडा जातो आणि तिथून ओल शिरते. पाया किती खोल आणि सांधा कसा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून ठरवावे.

राहिला परवानगीचा प्रश्न. बंगल्याभोवतीचे सामासिक अंतर उजेड, वारा आणि आगीच्या वेळी वाट यांसाठी असते. ते बंदिस्त करणे नियमात बसत नाही आणि शेजाऱ्यावरही अन्याय होतो. पण म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी शंभर-दीडशे चौरस फूट कायदेशीरपणे वाढवू पाहणाऱ्या माणसाला नियमावली उलगडून सांगणारे कुणी तरी हवे. महापालिका आणि नगरपालिकांच्या नगररचना विभागांनी अशा खोलीचे तीन-चार नमुना नकाशे तयार ठेवावेत, त्यात दाराची रुंदी, रॅम्प आणि दांड्यांच्या जागा दाखवाव्यात आणि त्या नकाशांनुसार आलेले अर्ज आधी हातावेगळे करावेत. घरच्यांना मात्र तोवर थांबायचे कारण नाही. चेंबरचे झाकण काढून त्याची खोली मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.