दांड्याला हवा रात्रीचा गारवा

सिक्कीममध्ये सिंबिडियम ऑर्किड घरोघरी अंगणातल्या कुंड्यांत बहरतं. कंदाच्या बुडाशी कोंब दिसला की निरखून पाहावा: चपटा असेल तर पानांचा फुटवा, गोलसर टपोरा असेल तर फुलांचा दांडा. हा दांडा 3 फुटांपर्यंत चढतो, म्हणून कोवळा असतानाच काठीचा आधार द्यावा. मात्र तो धरायला रात्री 10 ते 15 अंशांचा गारवा लागतो. मुंबईच्या उकाड्यात नुसती पानंच वाढत राहतात. हे न सांगता महागडी रोपं गळ्यात मारली जातात, याचं मनापासून वाईट वाटतं. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी मोकारा ऑर्किड लावावं. ऊन आणि दमट हवा त्याला मानवते, उभे दांडेही येतात. फक्त मुळांशी पाणी साचू देऊ नये.